मामांची सांबारपरीक्षा

साऱ्या कावेरीकाठी माझ्या मामांइतका सत्यवादी माणूस शोधून सापडायचा नाही. अर्थात सांबाराच्या बाबतीत. एरवी ते सोयीने बोलतात. सांबार आमच्या तंजावूरच्या मराठी राजवाड्यात जन्मलं, असं तिथले आम्ही सगळेच मराठी अभिमानाने सांगतो. मामा मात्र त्याच्या बारशाला स्वतः हजर असल्यासारखं सांगतात. खिशात घरच्या मसाल्याची डबी आणि स्टीलचा चमचा असल्याशिवाय ते टाउन बसमध्येही चढत नाहीत. एका साखरपुड्यात पहिल्याच घासाला त्यांनी भर पंगतीत यजमानांना सुनावलं, "चिंच कच्ची राहिली. स्वैपाकी बदला, नाहींतर लग्न पुढें ढकला." लग्न वेळेवर झालं, पण स्वैपाकी खरंच बदलला होता.

बारावीनंतर मला आहारशास्त्र शिकायचं होतं, आणि दोन विद्यापीठांचे होकार एकाच आठवड्यात आले तेव्हा मी घरभर नाचले! एक तंजावूरचंच, घरापासून बसने वीस मिनिटांवर. दुसरं चेन्नैचं, तिथे दुसऱ्या वर्षापासून रुग्णालयाच्या वॉर्डात उभं राहून खऱ्या रुग्णांचा आहार ठरवायला शिकवणार होते. माझा सगळा जीव चेन्नैत अडकला होता. आईचं एकच पालुपद, "तिथें पोरीच्या जेवणाचे हाल होतील." शेवटी निकाल तिने आपल्या धाकट्या भावावर, म्हणजे मामांवर सोपवला. मामांना केवढा हुरूप आला! मी दोन्हीकडचे अभ्यासक्रम पुढ्यात ठेवले, तर ते बाजूला सारून म्हणाले, "कागद काय वाचायचा? ज्यांस सांबार येत नाहीं, ते आहार काय शिकवतील? दोन्ही मेसमध्यें जेवून येतों."

आणि गेले की! दुपारी तंजावूरच्या वसतिगृहात जेवले, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने चेन्नै गाठलं. प्रवेशाला दोनच दिवस उरले होते. ते परतले तेव्हा मी दारातच उभी होते. मामांनी चपलाही काढल्या नाहीत. "अक्का," ते आईला म्हणाले, "चेन्नैचं सांबार म्हणजे राजवाड्यातलं! आणि इथलं? अय्यो, हात धुवायचं पाणी!" आई विरघळली. मी निघाले तेव्हा मामांनी खिशातली डबी माझ्या बॅगेत टाकली. "असूं दे, वाटेंत लागेल."

चेन्नैच्या मेसमध्ये पहिल्या दुपारी ताटात सांबार आलं. फिकं, गोडसर, डाळीचा पत्ता नाही. मी उष्ट्या हातानेच मामांना फोन लावला आणि राजवाड्यातल्या सांबाराचा जाब विचारला.

"इथलंच फार चांगलं होतें, पोरी. तसें सांगितलों असतों, तर अक्का तुज सोडली असती काय?"

डबी उघडून मी ताटात मसाला भुरभुरवला, आणि हसता हसता मला रडू फुटलं.

हल्ली मामांच्या मधुमेहाचा आहारतक्ता चेन्नैहून मीच करते. "भात एकच वाटी खाल्लों," असं ते फोनवर छातीठोकपणे सांगतात आणि मागे मामी हसताना ऐकू येते. रागवायला तोंड उघडावं, तर ती डबी समोर दिसते. मग मी एवढंच म्हणते, "मामा, उद्यापासून खरंच एक वाटी हं." इतक्या लांबून आणखी काय करणार?