करवतीला हळदकुंकू

आमच्या घरात 'बोट कापेल' असं म्हणायला बंदी होती. बोट कापून घ्यायला नव्हती. वास्तू तथास्तु म्हणते, हे सासूबाईंच्या राज्यघटनेतलं पहिलं कलम. घरात कुणी वाईट शब्द तोंडातून काढला की तिथेच कुठेतरी बसलेला वास्तुपुरुष 'तथास्तु' म्हणतो आणि तसंच घडतं. चांगलं बोललं की तो बहुधा झोपलेला असतो. लग्न होऊन आल्यापासून मी 'जरा शांतता लाभू दे' म्हणत आले आहे, त्यावर त्याचं अजून उत्तर आलेलं नाही.

गिरगावातल्या आमच्या वाडीत आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि बरोबर खाली, तळमजल्यावर, आमची आणखी एक खोली आहे. धाकटे दीर विरारला राहायला गेले तेव्हापासून तिथे जुन्या गाद्या आणि गणपतीचं सामान पडलेलं असे. आमचे हे ऑफिसातून निवृत्त झाले आणि त्यांनी ते सगळं सामान वर माझ्या माळ्यावर आणून कोंबलं. खाली म्हणे सुतारकाम करायचं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर शिसपेन्सिलसुद्धा माझ्याकडून टोकदार करून घेतली, तो आता कपाटं करणार होता. कारण काय, तर फोनवरच्या व्हिडिओत एक गोरा माणूस चहा पिता पिता कपाट करतो.

मग एके दिवशी टेम्पोतून टेबल सॉ आली. लोखंडी टेबल, त्याच्या मधल्या फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं, त्यावर पारदर्शक झाकण, आणि झाकणालाच जोडलेली, पात्यामागे उभी राहणारी पोलादी पट्टी. लाकूड कापलं गेल्यावर त्याच्या दोन फाकी मिटून पात्याला आवळू नयेत म्हणून ती पट्टी असते. आवळल्या, तर लाकूड उसळून आपल्याच अंगावर येतं आणि धरलेला हात पात्यावर जातो. हे मला ठाऊक होतं, कारण सोबत आलेली पुस्तिका घरात फक्त मी वाचली होती. अरुंद पट्टी कापताना ती हाताने नाही, काठीने ढकलायची, हेही तीत लिहिलं होतं. काठी सोबत आली होती. ह्यांनी ती खिळ्याला टांगली.

"नीट बघून करा, बोटं तुटतील," मी म्हटलं.

सासूबाई जिन्याजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. "शुभ बोल गो. तुझ्या जिभेक हाड आसा काय?"

गणपतीला ह्यांनी प्लायवूडचं मखर केलं. चांगलं झालं होतं, खोटं का बोलू. वाडीतली पोरं 'काका, एक नंबर' म्हणून फोटो काढून गेली आणि ह्यांची छाती दारात मावेना. ते मखर करताना झाकण जागेवर होतं आणि ह्यांची दहाही बोटं जागेवर राहिली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं माझ्याशिवाय कुणाला वाटलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पुजतात. विळी, कातरी, हातोडी, झालंच तर माझी शिवणयंत्राची सुई. सासरे गिरणीत होते. तिथे यंत्रांची पूजा कशी थाटात व्हायची, हे सासूबाई अजून सांगतात. घरात इतकं मोठं यंत्र आलंय म्हटल्यावर त्या गुडघे धरत धरत खोलीत आल्या. ताट तयार होतं. मी कुंकवाचं बोट झाकणाला टेकवणार तोच त्या म्हणाल्या, "प्लास्टिकाक कसला कुकू? पात्याक लागाक व्हया."

ह्यांनी लगेच पाना घेतला. प्लग काढला, तेवढी अक्कल त्या दिवशी शाबूत होती. मग झाकण निघालं, त्याच्याबरोबर ती पोलादी पट्टीही निघाली. पात्याला हळदकुंकू लागलं, झेंडूची फुलं वाहिली, नारळ फुटला, आरती झाली. झाकण एका पाटावर बाजूला पडून होतं. दसऱ्याला त्यावर कुणीतरी आपट्याची पानं ठेवली.

दसरा झाल्यावर मी म्हटलं, झाकण बसवा. तर म्हणे, पुजलेल्या वस्तूला लगेच पाना लावायचा नसतो. पुढे एकदा म्हटलं, तर म्हणे, झाकण नसलं की रेष नीट दिसते, व्हिडिओतला माणूसही काढूनच काम करतो. तो कॅमेऱ्याला दिसावं म्हणून काढतो, तुमचं इथे कोण चित्रीकरण करतंय, असं मी विचारलं. ह्यांनी मोजपट्टी शोधायला घेतली. मग संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना मी सरळ म्हटलं, "हात जाईल एखाद दिवशी."

"तिनसांज झाली, आता तरी तोंड आवर गो," सासूबाई कळवळून म्हणाल्या. मुलाचा हात जाईल म्हणून नाही. मी बोलले म्हणून.

दिवाळी तोंडावर आली होती आणि मी दुपारी चकल्या पाडत होते. खाली हे वाडीतल्या एका बाईंसाठी देव्हारा करत होते. देवाचंच काम, त्यामुळे त्यात काही वाईट होणं शक्यच नव्हतं. करवतीचा आवाज एकसारखा चालला होता. मध्येच तो दबला, भिंतीवर काहीतरी धाडकन आदळलं, आणि मग पातं रिकामं फिरल्यासारखं गुणगुणत राहिलं. मी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनी खाली धावले.

पातं अजून फिरत होतं. आधी ते बंद केलं. हे भिंतीला टेकून उभे होते, डावा हात सदऱ्यात गुंडाळलेला, आणि सदरा लाल. "काही नाही, थोडं लागलंय," ते म्हणाले. काठी खिळ्यालाच होती.

शेजारीण हळदीचा डबा घेऊन आली, म्हणाली, "हळद दाबा, हळद." मी तो डबा तिच्या हातातून घेऊन बाहेर कट्ट्यावर ठेवला. हळद त्या पात्याला लावून झाली होती, तेवढी पुरे होती. स्वच्छ टॉवेल घट्ट दाबून धरला, हात वर धरायला लावला. टेबलाखाली भुशात बोटाचा तुकडा पडला होता, तो ओल्या स्वच्छ कपड्यात, मग पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात ठेवली.  मग टॅक्सी केली.

परळच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण लिहून घेत होती. "मशीनला गार्ड होता का?" तिने विचारलं.

"पूजेसाठी काढला होता," हे म्हणाले.

"कुठली पूजा?"

"दसऱ्याची."

तिने वॉर्डाच्या दारात टांगलेल्या आकाशकंदिलाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर्जनीचं टोक परत बसलं नाही. करवत सुरीसारखं कापत नाही, मधला भाग कुटून टाकते, मग शिवायचं कशाला काय, असं डॉक्टरांनी समजावलं. मधलं बोट शिवलं, पण ते आता वाकत नाही. अंगठा वाचला. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून रडले, आणि त्यात दुःखापेक्षा राग जास्त होता.

घरी आलो तर निकाल लागलेला होता. "तू बोललंस म्हणान झाला ह्या," सासूबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. भेटायला येणाऱ्यांनाही तेच सांगत होत्या, मी त्यांच्यासाठी चहा टाकत असताना. नणंद लिंबू-मिरची घेऊन आली आणि करवतीला बांधून गेली. एक लांबचे काका म्हणाले, मशीनने आपला भोग घेतला, आता बिनघोर चालवा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी प्रत्येकाला एकच विचारत होते की झाकण कुठे आहे. लोक चहा संपवून उठायचे.

ते मलाच सापडलं, पाटावर, सुकलेल्या झेंडूखाली. त्याचे नट नैवेद्याच्या वाटीत होते.

पुढे कित्येक महिने ह्यांच्या शर्टाची बटणं मी लावली. एकेक बटण ओढून, चिडून लावलं. करवत भंगारात द्या, असं मी रोज म्हणायचे. हे खाटेवर बसून भिंतीकडे बघत राहायचे. एकदा हळूच म्हणाले, "मग मी दिवसभर करू काय?" ते खरं होतं, आणि ते खरं आहे याचाही मला संताप आला. श्रावणात ते पुन्हा खाली जाऊन झाडलोट करू लागले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ते खाली असतील तो एकेक तास मात्र मला आता वर बसून मोजावा लागणार होता.

मग खंडेनवमी आली. तेच ताट, तेच झेंडू. झाकण आता जागेवर होतं, मीच उभं राहून बसवून घेतलं होतं. सासूबाईंनी ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ह्यांनी पाना उचलला. त्या तसल्या हाताने.

"पाना खाली ठेवा," मी म्हटलं. मी कुंकू घेतलं आणि झाकणाला लावलं.

"झाकणाक कसली पूजा गो? पात्याक लाव."

"पात्याने बोट नेलं. हे असतं तर वाचलं असतं. पाया पडायचं तर याच्या पडा."

"आजच्या दिवशी तरी असा बोला नको. वास्तू तथास्तु म्हणता."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी आरतीचं तबक खाली ठेवलं आणि खोलीच्या मधोमध उभी राहून, वर बघून, वाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "म्हणू दे ना. पण पुरतं ऐकून म्हणू दे. हे झाकण काढून करवत चालवली तर ह्यांची उरलेली बोटं तुटतील. काठी न घेता पट्टी कापली तर तुटतील. आता म्हण तथास्तु."

  सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. त्यांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा मुलाच्या हाताकडे. ह्यांनी पाना खिशात घातला. मग सासूबाई उठल्या, भिंतीला धरून करवतीपाशी गेल्या आणि झाकणावर एक झेंडूचं फूल ठेवलं. माझ्याशी त्या दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही.

करवत अजून खाली आहे. आमच्या दोघींमधलं काही मिटलेलं नाही, मिटावं असं मला वाटतही नाही. पण हे काम सुरू करणार असले की खालून हाक मारतात. मी हातातलं टाकून खाली जाते, झाकण हलवून बघते, काठी खिळ्यावरून काढून त्यांच्या हातात देते आणि म्हणते, "हे काढलंत तर बोटं तुटतील." एखाद दिवशी मला खाली जायला उशीर झाला आणि ह्यांची दुसरी हाक आली, तर खाटेवरून सासूबाईंचा आवाज येतो.

"बोललंस काय गो? आधी बोल, मग चालवूंदे."