डोंगरावरची पहिली कबर

फुआतिनो सवाईच्या बेटावरून लग्न होऊन फागासाऊ गावात आली, तेव्हा सासरच्या घरासमोर चार कबरी होत्या. पांढरा चुना दिलेल्या, कडेला शंख लावलेल्या. नणंद मेरिपा पहिल्याच सकाळी तिला म्हणाली, "यांच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत. तेवढं सोडून बाकी सगळं काम तुझं."

ते खरंच होतं. आमच्याकडे नवऱ्याच्या घरी नांदायला आलेल्या बाईला नोफोताने म्हणतात. ती घरात राहते, घरची होत नाही. तारोचे कंद सोलायचे, नारळ खवायचा, दगडांची चूल पेटवायची, सगळ्यांची पानं वाढायची आणि सगळे उठले की उरलंसुरलं खायचं. घरची खरी मालकीण म्हणजे घरची लेक. मेरिपा नवऱ्याला सोडून मुलासकट माहेरी परतली होती, आणि तिच्या शब्दाबाहेर कोंबडीसुद्धा अंडं घालत नसे. कुळाचा प्रमुख, म्हातारा तुइलोमा, तिचा सख्खा काका. तो मान हलवायचा. कुठे हलवायची ते मेरिपा ठरवायची.

फुआतिनोचा नवरा उएलेसे बहिणीच्या अगदी उलट होता. मऊ. भांडण सुरू झालं की जाळं खांद्यावर टाकून समुद्रावर जाणारा. मेरिपाचा मुलगा लाफाएले लहानपणापासून त्याच्याच मागे मागे असे. पोहायला त्यानंच शिकवलं. फुआतिनो रडली की उएलेसे एकच गोष्ट सांगायचा.

"हे बघ, मी मेलो की मला आईच्या शेजारी पुरतील. तू मेलीस की माझ्या शेजारी. जित्या माणसाला घराबाहेर काढता येतं, मेलेल्याला कोण काढणार? मग मेरिपाला रोज सकाळी तुझं तोंड बघावं लागेल."

"मेल्यावर दाखवायचं तोंड घेऊन आत्ता काय करू?" असं फुआतिनो म्हणायची खरी. पण मनातून तिला ते पटायचं. घरासमोरची कबर म्हणजे आमच्याकडे जमिनीवरची सही. ज्याचा बाप दारात पुरला आहे, त्याला त्या जमिनीवरून उठवायची कुणाची छाती होत नाही. उएलेसे दारात पुरला गेला की तिच्या दोन मुली तिथल्याच, हे ठरलेलं.

मग वादळ आलं. शेजारच्या गावात समुद्र घरांत शिरला आणि ओसरताना किनाऱ्यावरच्या कबरी फोडून गेला. लोक आठवडाभर माडांच्या बुंध्यांपासून हाडं गोळा करत होते. कुणाची कोणती ते कळेना. विहिरींचं पाणी नासलं, पोरं जुलाबानं मेली. तेव्हा सरकारला जाग आली. नकाशे निघाले, मोजमाप झालं, आणि इओसेफो नावाचा एक तरुण अधिकारी गावच्या सभागृहात येऊन उभा राहिला. त्यानं किनाऱ्याच्या नकाशावर लाल रेघ दाखवली.

"या रेघेच्या आत यापुढे नवीन कबर नाही. जुन्या आहेत तशा राहतील. वर डोंगरावर सरकारनं पाच गावांसाठी मिळून दफनभूमी आखली आहे. प्रत्येकाला सारखी जागा. कुंपण, फाटक, सगळं."

एक म्हातारा मांडी न सोडता म्हणाला, "बाळा, माझे गुडघे आत्ताच दुखतात. मेल्यावर डोंगर चढू कसा?"

"तुम्हाला चढायचं नाही, आजोबा. नेतील की."

"आणि शेजारी कोण? त्या वरच्या गावातले? जन्मभर त्यांच्याशी डुकरांवरून भांडलो, आता त्यांच्या कुशीत झोपू?"

सभा हसून लोळली. इओसेफोसुद्धा हसला. गावानं त्याला पोटभर जेवू घातलं, भाजलेल्या डुकराची मांडी बांधून दिली, टाळ्या वाजवल्या, आणि तो गेल्यावर ठरवलं की नियम फार चांगला आहे, दुसऱ्या गावांसाठी. मेरिपा मात्र हसली नव्हती. ती त्या लाल रेघेकडे बघत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत उएलेसेचा पाय चिघळला. साखरेचा आजार जुनाच होता. आधी बोटं कापली, मग घोट्यापर्यंत पाय, आणि मग तो राहिलाच नाही. तालुक्याच्या इस्पितळातून त्याला घरी आणलं. फुआतिनोनं त्याला खोबरेल लावलं, पांढरे कपडे घातले. गावातली दोन माणसं पहारी घेऊन आली आणि सासूच्या कबरीशेजारी खूण करू लागली.

मेरिपा आतून म्हणाली, "थांबा. इथे नाही खणायचं. सरकारचा नियम आहे."

माणसांना वाटलं, दुःखानं बाईचं डोकं फिरलं. पण ती शांतपणे अंत्यविधीच्या विणलेल्या चटयांच्या घड्या घालत होती. "आपलं कुळ कायदा पाळणारं आहे. काका, बरोबर ना?"

तुइलोमानं मान हलवली.

फुआतिनो समोरच्या खडीवर बसली ती उठेचना. "वन्सं, तुमचा पाठचा भाऊ आहे तो. त्यानं आयुष्यात काही मागितलं नाही. आईच्या शेजारी तेवढं ठेवा."

मेरिपानं चटई बाजूला ठेवली. ती जवळ आली आणि हळू आवाजात बोलली. शिवी नाही, आरडाओरडा नाही.

"तो इथे झोपला की उद्या तुझ्या मुली इथे घरं बांधतील. परवा त्यांचे नवरे येतील. माझा लाफाएले कुठे जाईल? समुद्रात? मला भावाचं वाईट वाटतं, फुआतिनो. पण भाऊ मेलाय. मुलगा जिवंत आहे."

उएलेसेची पेटी ट्रकमध्ये घालून वर नेली. त्या आखलेल्या उजाड माळावरची ती पहिली कबर. इओसेफो हार घेऊन आला होता. फागासाऊनं नवा पायंडा पाडला, असं तो बोलला आणि फोटो काढला. फोटोत मेरिपा मधोमध उभी आहे. फुआतिनो दिसत नाही.

महिना उलटला नाही तोच मेरिपा म्हणाली, "आता तू सवाईला भावाकडे जा. तिथे तू लेक, तुला कुणी कामाला लावणार नाही. मुलींचं मी बघते." थोरली लग्न होऊन गेलीच होती. धाकटी सिआओलो शाळेत होती. ती कुळाच्या रक्ताची, तिला काढता येत नव्हतं. आईला येत होतं.

फुआतिनो सवाईला गेली नाही. ती डोंगरावर गेली. सरकारला तिथे राखणदार हवाच होता आणि भुतांच्या भीतीनं कुणी तयार नव्हतं. तिला पत्र्याची खोली आणि फाटकाची किल्ली मिळाली. हळूहळू वर आणखी पेट्या येऊ लागल्या: ज्यांचं कुणी नव्हतं, ज्यांच्या भावकीत भांडणं होती, असेच. मुकाट बाई म्हणून जिला गाव ओळखत होतं, ती आता फाटकात कमरेवर हात ठेवून उभी राहू लागली. "रांग सोडायची नाही. छप्पर घालायचं नाही. शंख या दोरीच्या आत." लोक म्हणत, ही सरकारपेक्षा कडक. सिआओलो रविवारी चर्चनंतर कधीतरी यायची. मग दर रविवारी नाही, मग सणासुदीला. आत्या तिला शिवण शिकवत होती, आत्यानं तिला घड्याळ दिलं होतं.

काही वर्षांनी लाफाएले न्यूझीलंडमध्ये बांधकामावर परांचीवरून पडून मेला. विमानानं पेटी आली. मेरिपानं ती दारातच उतरवली. आपल्या आईच्या शेजारी, उएलेसेला नाकारलेल्या त्याच जागेत, मुलाला पुरलं. वर निळ्या फरश्या बसवल्या. गावानं काही म्हटलं नाही. म्हणायचं काय? चार गावांत तसंच चाललं होतं.

फुआतिनोला बस ड्रायव्हरकडून कळलं. दुसऱ्या सकाळी तिनं चर्चला जायचे पांढरे कपडे घातले आणि राजधानीत, आपियाच्या कचेरीत जाऊन इओसेफोसमोर बसली. तो आता जाड झाला होता.

"बाई, सगळीकडे चाललंय हे," तो म्हणाला. "आई आहे ती. डोळे झाकायचे असतात कधी कधी."

"माझ्या नवऱ्याच्या वेळी उघडे होते तुमचे डोळे. फोटो काढलात."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"हो. तेव्हा मेलेला माझा होता. ठीक आहे, मी रेडिओवर जाते. तिथे सांगते की नियम फक्त गरिबाच्या मढ्याला आहे."

इओसेफोनं कपाळावरचा घाम पुसला आणि फोन उचलला.

पोलिस आले तेव्हा फरश्यांमधलं सिमेंट नीट वाळलंही नव्हतं. मेरिपा कबरीवर पालथी पडली. तिला चौघांनी उचललं. तिची नखं फरशीच्या सांध्यात अडकून तुटली. ती ओरडत नव्हती, नुसतं "नको, नको" म्हणत होती, लहान मूल म्हणतं तसं. पहारीचे घाव बसत होते. फुआतिनो ट्रकशेजारी उभी होती. सिआओलो आत्याला धरून बसली होती. तिनं मान वर करून आईकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

फुआतिनोला बरं वाटलं. हे झाकून उपयोग नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

वर माळावर उएलेसेच्या शेजारची जागा मोकळी होती. उएलेसेनं त्या पोराला खांद्यावर घेऊन समुद्र दाखवला होता, पोर शेजारी आलेलं त्याला आवडलं असतं. हे फुआतिनोला माहीत होतं. तिनं लाफाएलेला उतरणीच्या टोकाची जागा दिली, जिथे पाणी साचतं.

मग मेरिपा दर रविवारी डोंगर चढून येऊ लागली. फाटकाशी थांबायची. फुआतिनो खोलीत बसून तारो सोलत राहायची, हातातला संपेपर्यंत. मग किल्ली घेऊन सावकाश यायची.

"फुआतिनो, ऊन फार आहे गं."

"हो वन्सं, इथे झाडं नाहीत. सरकारनं लावली नाहीत."

पावसाळ्यात लाफाएलेच्या कबरीवर घोटाभर पाणी असे. म्हातारी होत चाललेली मेरिपा गुडघ्यांवर बसून करवंटीनं ते उपसायची. एकदा तिनं विचारलं, "त्याला जरा वरच्या अंगाला घेता येईल का? मी पाया पडते तुझ्या."

"एकदा पुरलेलं हलवत नाहीत," फुआतिनो म्हणाली. "नियम आहे."

मेरिपानं मान डोलावली आणि पुन्हा पाणी उपसायला लागली. फुआतिनो तिथेच उभी राहून बघत होती. जावंसं वाटत होतं, पाय निघत नव्हता.

पुढे निवडणुका झाल्या. नवे लोक आले, त्यांनी गावोगाव सांगितलं होतं की आम्ही तुमचे मेलेले तुम्हाला परत देऊ. दिलेही. लाल रेघ रद्द झाली. ज्याला आपलं माणूस घरी न्यायचं, त्यानं कुळप्रमुखाच्या संमतीनं न्यावं. एका आठवड्यात माळ अर्धा रिकामा झाला. जागोजाग उघडे खड्डे पडले, आणि पिकल्या पपईवर तुटून पडावीत तशी डुकरं त्यांत उतरू लागली.

मेरिपा माणसं घेऊन आली. लाफाएलेला काढलं. पेटी सडली होती, नवीन चादरीत गुंडाळावं लागलं. फुआतिनो फाटकात उभी राहिली.

"वन्सं, उएलेसेला पण न्या. मी खाली येणार नाही. माझी जागा नको. फक्त त्याला न्या."

मेरिपा चादरीवर हात ठेवून ट्रकमध्ये बसली आणि गेली.

तेव्हा फुआतिनोनं सवाईला भावाला निरोप धाडला. भाऊ म्हणाला, घेऊन ये त्याला, आपल्या दारात पुरू. पण तिकडे न्यायलाही तुइलोमाची संमती लागत होती. ती मागायला तिनं सिआओलोला सांगितलं. सिआओलो चौथ्या दिवशी वर आली. अंगावर आत्याचा पोशाख होता.

"तुइलोमा आजोबा नाही म्हणाले."

"आजोबा म्हणाले की आत्या?"

"काय फरक पडतो? आपला माणूस परक्या बेटावर जाऊ देणार नाही म्हणाले."

"आपला? मग दारात घ्या की."

सिआओलो एकदम म्हणाली, "तू लाफाएलेला बाहेर काढलंस, आई. मी तिथे होते. वास येत होता. तू बघत उभी होतीस."

"तुझ्या बापाला त्यांनी—"

"बाबांना पुरलं होतं. उकरलं नव्हतं."

फुआतिनोनं चुलीवर भाजलेलं ब्रेडफ्रूट पानात गुंडाळून लेकीपुढे धरलं. सिआओलोनं घेतलं नाही. ती खड्डे चुकवत फाटकाकडे गेली.

राखणदाराची जागा सरकारनं रद्द केली, पण पत्र्याची खोली कुणाला नको होती. माळ एकानं गुरांसाठी घेतला. त्यानं फुआतिनोला राहू दिलं. गुरं खड्ड्यांत पडू नयेत एवढं बघायचं. सिआओलोचं लग्न झालं, आणि मेरिपानं तिला घराच्या मागच्या अंगाला जागा दिली, पुढच्या नाही. मेरिपा गेली तेव्हा तिला मुलाशेजारी ठेवलं. डोंगरावर गाणी ऐकू आली. वर बोलावणं आलं नाही.

दिवस झाल्यावर सिआओलो आली. दुसऱ्यांदा पोटुशी होती, दम लागला होता. म्हणाली, आत्या गेली, आता घरी चल.

"आणि तुझे बाबा?"

"लोक म्हणतात, पुन्हा खणणं नको. आता पुरे झालं."

फुआतिनो गेली नाही. लेकीला उतार जपून उतर म्हणाली आणि उएलेसेच्या कबरीवर चढलेली गाय हाकलायला काठी घेऊन निघाली.