नळावर वाचलेला अर्ज

डिंकाचा वास आला की आमच्या कॉलनीचं ऑफिस आठवतं. वरच्या मजल्यावरचा माणूस दारू पिऊन जिन्यात बसायचा आणि माझ्या सातवीतल्या मुलीची वाट अडवायचा, म्हणून मी भीत भीत ऑफिसात अर्ज लिहून, तिथल्याच डिंकाने पाकीट चिकटवून दिला. ऑफिसने नियमाप्रमाणे तोच कागद खुलाशासाठी त्याला पाठवला. त्याने तो नळावर बायकांसमोर मोठ्याने वाचला आणि म्हणाला, “वहिनी, अक्षर छान हो, आम्हालाही लिहीत जा पत्र.” ऑफिसातले साहेब मला म्हणाले, “त्याचा खुलासा आलाय. तुम्ही मुलीला सांभाळा.” आम्ही तिची शाळा सोडवून तिला सायखेड्याला मामाकडे धाडलं. परवा तिच्या लेकीने तिला विचारलं, “आई, तू शाळा का सोडलीस?” ती म्हणाली, “डोकंच नव्हतं मला.” मी शेजारीच भाजी निवडत होते.