ताट न घेता

मुरबे गावातल्या आमच्या घरात एक नेम आहे. घरची बोट समुद्रात असेपर्यंत आई ताटावर बसत नाही. आधी बाबांसाठी पाळायची, ते गेल्यावर माझ्या धाकट्या भावासाठी पाळते. सासूने शिकवलं, हिने निमूट मान्य केलं. माझी तक्रार नेमाबद्दल नाही. ताटाबाहेर जे चालतं त्याचा मला संताप येतो.

भीती तिला स्वस्थ बसू देत नाही. वारा वाढला की डब्यातली खारी बिस्किटं. शेजारच्यांची बोट आली आणि आमची नाही, की भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी, उभ्याउभ्याच. मग गोड चहा, मग पुन्हा डबा. हात तोंडाकडे जातोय हे तिला कळतही नाही. ताट घेतलं नाही, म्हणजे आपण उपाशी, एवढंच ती धरून बसते.

गुडघे गेले म्हणून मी तिला बोईसरला डॉक्टरांकडे नेलं. आधी वजन उतरवा, मगच ऑपरेशन, असं ते म्हणाले. मग विचारलं, "मावशी, दिवसभरात जेवता किती?"

"पोरगा दर्यात असला का मी जेवतच नाय," आई अगदी मनापासून म्हणाली.

डॉक्टर नर्सकडे बघून हसले. "मग हवा खाऊन वाढलं का वजन?"

उचलली जीभ लावली टाळ्याला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ती खोटं बोलत नाही. तिला कसली काळजी आहे ते तरी विचारा," मी म्हटलं. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

पण खरा राग भावावर होता. बोट किनाऱ्याजवळ आली की त्याच्या मोबाइलला रेंज येते. व्यापाऱ्याला फोन जातो, मित्रांना जातो. आईलाही एक कर, म्हणून मी कितीदा घसा कोरडा केला. "तिला सवय हाय," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

गेल्या खेपेला तो फार उशिरा आला. आईने आधी त्याचं ताट वाढलं, मग स्वतःचं. मांडी घालता येत नाही म्हणून खुर्चीवर बसली. आता भीती नव्हती, नुसती भूक होती. तिने भात कालवला, पहिला घास उचलला.

"आये, जरा कमी खा. डॉक्टर काय बोललाय?" भाऊ हसत म्हणाला.

आईने घास ताटात परत ठेवला. चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला.

मी भावाच्या पुढचं ताट ओढून घेतलं. "ती तुझ्या काळजीनं खाते, आणि तूच तिचे घास मोजतोस? एक फोन केला असतास, तर तिचा हात त्या डब्याला लागला नसता!"

आई माझ्यावरच ओरडली.

"दे त्याचं ताट! पोरगा दर्यातून आलाय, उपाशी हाय."

मी ताट परत ठेवलं. तोवर आईने स्वतःचं झाकून टाकलं होतं.