अठराशेची बाकी

रत्नाबाईच्या मेसमध्ये भाकरी मोजून वाढत नाहीत. मोजून वाढलं की पोट भरत नाही, असं तिचं ठाम मत आहे. पैशाचं तसं नाही. कुणाचे किती दिवस झाले, किती आले, किती राहिले, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. चौथीपर्यंत शिकलेली बाई, वही ठेवत नाही आणि चुकत नाही. मी एकतीस वर्षं पिरंगुटला बँकेच्या काउंटरवर बसलो, तिच्याइतका पक्का हिशेब मी माझ्या मॅनेजरचाही पाहिला नाही.

ती ताम्हिणीच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यातली. नवरा भैरू खडी क्रशरवर होता, धुळीनं छाती भरून गेला. मग बाई उरवड्यात तीन डबे करायला लागली. तिनाचे दहा, दहाचे तीस झाले. डबे सोडून तिनं पत्र्याच्या शेडमध्ये पंगतच मांडली. शेड इंद्रजितच्या जागेत. इंद्रजित आमच्या गावचाच, कारखान्यांना माणसं पुरवायचं कंत्राट त्याच्याकडं. तीसही माणसं त्याचीच.

तेव्हा सगळा कारभार चेकवर चालायचा. इंद्रजित माणसांच्या पगारातून जेवणाचे कापून घ्यायचा आणि महिन्याला एक चेक रत्नाबाईला द्यायचा. दहा तारखेला द्यायचा आणि वर तारीख टाकायची विसाची, ही त्याची खोड. ती तो चेक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून माझ्या काउंटरवर आणायची आणि दोन्ही हातांनी पुढं करायची. चेक वटला की दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर भाकरी आणि ठेचा. पैसे मीच देतो, असा तिचा समज होता आणि मीही तो मोडला नाही. ठेचा चांगला असायचा.

मी निवृत्त झालो आणि दोनेक वर्षांत चेकही निवृत्त झाले. इंद्रजितनं सांगून टाकलं, आता चेक कोण फाडत बसतंय मावशी, ज्याचे त्याच्याकडून घ्या. मी चरफडलो. चेकवर माझं पोट चाललं होतं, त्यामुळं फोनवरच्या पैशांवर माझा राग आहे, तो लपवत नाही. पण खातं, फोननं स्कॅन करायचा फलक, पैसे आल्याचं सांगणारी ती बोलकी डबी, सगळं तिला मीच करून दिलं. डबी तिनं चार दिवसांत पिठाच्या पिंपात कोंबली. जेवणाच्या वेळी एकाचे आलेले पैसे ती सगळ्यांना ओरडून सांगते, मग ज्याच्याकडं नाहीत त्यानं घास कसा गिळायचा, हे तिचं कारण. डबी अजून पिंपातच असते आणि पैसे आले की पिठातून दबका आवाज येतो.

एक गोष्ट मात्र मला कबूल केली पाहिजे. चेकवर तीस माणसांचा एक आकडा असायचा. फोनवर नावं यायला लागली. ती दुपारी तीनला भांडी आटपून माझ्याकडं फोन घेऊन यायची आणि मला एकेक नाव वाचायला लावायची. हा कोण, तो कोपऱ्यात बसणारा का, ह्याची बायको बाळंत झालीय तो का. बारा वर्षं जेवू घालत होती, पण कुणाचं आडनाव तिला ठाऊक नव्हतं. चार महिन्यांत सगळी पाठ झाली.

त्यातलाच नरहरी नायक. ओडिशाचा, चाळिशीचा, बुटका, हसताना तोंडावर हात धरणारा. पत्रे बदलायचं काम करायचा. इंद्रजित त्याला पगार रोख द्यायचा, हजेरीपटावर नाव नव्हतं. नरहरी ती रक्कम नाक्यावरच्या दुकानात देऊन आपल्या खात्यात भरायचा, म्हणजे गावाकडं बायकोला काढता यायची. त्यातलेच तीन हजार, मागल्या महिन्याच्या जेवणाचे, दर महिन्याच्या दहाव्या दिवशी फोनवरून रत्नाबाईला. एक दिवस पुढं-मागं नाही. सकाळी त्याला रात्रीचा भात लागायचा, पाण्यात भिजवलेला, वर मीठ आणि कांदा. रत्नाबाईला लाज वाटायची. शिळं वाढते म्हणून लोक नावं ठेवतील, असं तिला वाटे. पण तो म्हणे, आमच्याकडं हेच खातात, माझी मुलगी पिंकी रोज हेच खाऊन शाळेत जाते. मग ती रात्री त्याच्यासाठी मूठभर तांदूळ जास्त टाकू लागली.

गेल्या वर्षी जुलैच्या अठरा तारखेला तो एका कारखान्याच्या शेडवर चढला. पावसानं मऊ झालेला सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटला. तीस फूट खाली फरशी होती. जागीच गेला.

संध्याकाळच्या आत त्याच्या खोलीतले दोघं चाकणच्या साइटवर हलवले गेले. इंद्रजितनं सगळ्यांना एकच सांगितलं, हा आमचा माणूस नव्हे, दोन दिवसांपूर्वी कुणा दोस्ताला भेटायला आला होता, आपणहून वर चढला. दुसऱ्या दिवशी तो मेसमध्ये आला. आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नाही. चहा घेतला आणि म्हणाला, "मावशी, तुमाला काय म्हायीत न्हाई. शेडचं भाडं वाढवायचं म्हणत हुतो, ते ऱ्हाऊ द्या यंदा."

तिसऱ्या दिवशी नरहरीचा मेव्हणा आला. वाळका, रेल्वेत दोन रात्री बसून आलेला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की माणूस इथं कामाला होता हे दिसलं, तर बायकोला भरपाई मिळते, काही लाखांची. हजेरीपटावर नाव नाही, मग कागद कुठला? मेसवाल्या बाईकडं पैसे दर महिन्याला फोनवरून जात होते, एवढं त्याला बहिणीकडून कळलं होतं. मयताचा फोन पडताना फुटला होता. म्हणजे चौदा महिने नरहरी उरवड्यात राहून कामाला जात होता, याचा पुरावा बँकेचे उंबरठे न झिजवता पृथ्वीच्या पाठीवर एकाच ठिकाणी हाताशी होता. रत्नाबाईच्या कनवटीला.

मेव्हणा बाहेर बाकावर बसला होता. ती मागच्या दारानं माझ्याकडं आली. हात कणकेचे होते.

"दत्ताभाऊ, काय करू? द्यू का काडून?"

मी म्हणालो, "तुझं शेड कुणाच्या जागंत हाय, ते बघ आदी."

एवढंच म्हणालो. बँकेत लोक माझा सल्ला घ्यायचे, त्या आवाजात म्हणालो. तिनं हात पुसले. मग म्हणाली, तुमीच सांगा त्याला, मला हिंदी यायचं न्हाई नीट. आणि मी गेलो, त्याच्यासमोर उभा राहिलो आणि स्वच्छ हिंदीत सांगितलं की बाईचा फोन बदलला, जुनं सगळं पुसलं गेलं, काही राहिलं नाही.

तो मान हलवत राहिला. मग त्यानं हात जोडले, जिजाजींना जेवू घातलंत, म्हणाला. आणि विचारलं, "कुछ बाकी था उनका?"

हे हिंदी तिला समजलं. मी तोंड उघडायच्या आत तिच्या तोंडून गेलं, "अठराशे."

अठरा दिवसांचे अठराशे. बाई कधी चुकत नाही.

"पर ऱ्हाऊ द्या," ती घाईनं म्हणाली. "ऱ्हाऊ द्या वो."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग तिच्या कनवटीच्या फोनकडं. तो फोन जुनाच होता, काचेला तडा गेलेला, रबर लावलेला. तो मूर्ख नव्हता. ठीक है, म्हणाला, पिशवी उचलली आणि पिरंगुटच्या रस्त्यानं चालायला लागला. ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

आता मी माझं सांगतो, कारण इतका वेळ सगळं बाईवर ढकलत आलो आहे. नरहरी ज्या खोलीत राहत होता ती खोली माझी. घरामागं मी पाच खोल्या काढल्या आहेत आणि त्या इंद्रजितनं एकगठ्ठा घेतल्या आहेत. भाडेकरूंची नावं पोलिसांत कळवायची असतात, ती मी कधी कळवली नाहीत. नरहरी चौदा महिने माझ्या मोरीत अंघोळ करत होता, जाता-येता मला नमस्ते म्हणत होता. तिच्या फोनमधून तो बाहेर आला असता, तर माझ्या खोलीतूनही बाहेर आला असता. माझा हात कुठल्या दगडाखाली आहे, हे मला पुरतं ठाऊक होतं आणि मी तिला तिचा दगड दाखवला.

इंद्रजितनं माणुसकी म्हणून पन्नास हजार दिले आणि मेव्हण्याची एका कागदावर सही घेतली. यापुढं आमचं काही म्हणणं नाही, असा तो कागद. गावात इंद्रजितचं कौतुक झालं.

रत्नाबाई त्यानंतरही तीस माणसांचं करत होती. पण रात्री जास्तीचा भात टाकायची तिची सवय मोडली नाही. सकाळी तो तसाच राहायचा आणि ती तो स्वतः खायची. दुपारी फोन घेऊन माझ्याकडं यायची ती बंद झाली. मीही गेलो नाही. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. वाढणाऱ्यानं कशाला जागावं, याची म्हण मला ठाऊक नाही.

सप्टेंबरात एका दुपारी ती आली. फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "नाव वाचा."

पिंकी नायक. एक हजार आठशे.

डबी पिठातून बोलली तेव्हा आकडा ऐकूनच तिला कळलं होतं. मी वाचल्यावर ती खाली उंबऱ्यावर बसली. "परत धाडा," म्हणाली. मी धाडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आले, तेवढेच. या वेळी सोबत चार शब्द होते, बापा के खाने का. ते मी तिला वाचून दाखवले आणि मला चष्मा काढावा लागला.

"फोन लावा," ती म्हणाली. "आता मी सांगती. सगळं काडून देती. शेड गेलं तर जाऊ द्या."

आम्ही मेसमध्ये बसलो. पंगत उठून गेली होती. ती पाटावर, मी पिठाच्या पिंपाला टेकून. पैशांच्या खाली मुलीचा नंबर होता, तो लावला आणि आवाज मोठा केला. पिंकीचा आवाज बारीक, पण बोलणं थोराचं. मी कोण, कुठून बोलतो ते सांगितलं. पैसे परत का पाठवता, तिनं विचारलं. आई म्हणते, बापाच्या जेवणाची उधारी ठेवायची नाही, ते उपाशी राहतील तिकडं.

मी तिला सांगितलं की चौदा महिन्यांचं सगळं फोनमध्ये आहे, आम्ही कागद काढून देतो, भरपाईच्या ऑफिसात येऊन बोलतो. ती म्हणाली, मामांनी सही केली अंकल, वकिलाला दाखवलं, तो म्हणाला आता वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतील, तेही पुण्याला, आणि इतकं भाडं कुठून आणायचं. आई आता कामाला जाते. मीही शाळा सोडली. तिच्या आवाजात राग नव्हता. आपल्या घरी काय चाललंय ते सांगावं, तसं सांगत होती.

चेक तीन महिन्यांत शिळा होतो. काउंटरवर मी असे कितीतरी चेक परत केलेत, सही खरी, रक्कम खरी, खात्यात पैसे आहेत, पण तारीख उलटली. लोक गयावया करायचे आणि मी शांतपणे नियम सांगायचो. आमचं खरं आम्ही दोन महिन्यांनी घेऊन गेलो आणि ते तेवढ्यातच शिळं झालं होतं.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आंटी हैं क्या उधर? एक बात पूछनी थी."

रत्नाबाईनं फोन दोन्ही हातांत घेतला.

"आंटी, उस दिन बापा खाके गए थे?"

रत्नाबाई बोलायला लागली, तिच्या मोडक्या हिंदीत, मराठी मिसळून, आणि थांबेचना. "खाके गया बेटी. पानीवाला भात, कांदा. और मांगके लिया. सात बजे आया था, साडेसात को कामपे गया. पत्रे के कामपे. कल भी गया था, परसों भी गया था, चौदा महिना रोज इधर खाके कामपे जाता था तेरा बापा."

ऑफिसात जे जे विचारलं असतं, ते सगळं ती सांगत होती. वेळ, तारीख, काम, किती महिने. पलीकडं पोरगी हळूहळू रडत होती आणि प्रत्येक वाक्याला हां आंटी, हां आंटी म्हणत होती. मी पिंपाला टेकून ऐकत राहिलो.