अवघड आहे म्हणजे नाही

जावयाशी मी बोललेलं पहिलं धड इंग्रजी वाक्य होतं, ‘आय ॲम डिफिकल्ट.’

मला म्हणायचं होतं, मला अवघड आहे. मला म्हणजे आय, आहे म्हणजे ॲम, अवघड म्हणजे डिफिकल्ट. यात चुकायला जागा कुठे आहे? फोनच्या पडद्यावर जावई अगदी मऊ आवाजात म्हणाला की नाही अम्मा, तुम्ही मुळीच डिफिकल्ट नाही. मागून मुलगी खो खो हसली. मी त्याला ‘मी लय खाष्ट आहे’ असं सांगितलं होतं म्हणे. खाष्ट तर मी आहेच, पण ते जावयाला आपण होऊन कळवायची गरज नव्हती.

विषय माझ्या जाण्याचा होता. हे वारल्यापासून मी सेलूला एकटी राहते. मुलगी आणि जावई बेंगळुरूला असतात, आणि दोघांनी मनावर घेतलं होतं की आईनं सेलूचं घर सोडून कायमचं त्यांच्याकडे यावं. मला जायचं नव्हतं. त्याला फार मोठं कारण होतं असं नाही. घर माझं आहे, सकाळचा चहा मी मला हवा तेव्हा पिते, कापसाच्या दिवसांत गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर अडकतात तेव्हा ओट्यावर उभं राहून ड्रायव्हरांची भांडणं ऐकते. मला हे सगळं आवडतं. साठी उलटल्यावर आवडतं एवढं कारण पुरेसं असावं असं माझं मत आहे.

जावई केरळचा. मराठी त्याला येत नाही आणि मल्याळम मला येत नाही. हिंदी दोघांनाही येतं, पण त्याचं पुस्तकातलं आणि माझं परभणीकडचं. मी ‘नक्को’, ‘हौ’ आणि ‘कायकू’ सुरू केलं की तो नुसता हसतो. म्हणून इंग्रजी. त्यात एक सोय होती, जावयाला अहोजाहो करावं की मुलासारखं अरेतुरे, हा प्रश्न ‘यू’नं परस्पर मिटवून टाकला होता.

आता ‘अवघड’विषयी. मी उभा जन्म सरकारी कचेरीत कारकुनी केली. तिथे नाही हा शब्द सहसा कुणी वापरत नाही. साहेब अर्ज वाचायचे, चष्मा काढून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, जरा अवघड आहे. समोरचा माणूस जवळच्या झरी गावचा असो की थेट मुंबईहून आलेला असो, तो समजायचा, नमस्कार करायचा आणि निघायचा. काय अवघड आहे, किती अवघड आहे, असं उलट विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. लग्नाच्या बोलणीतही ‘अवघड दिसतंय’ असा निरोप आला की मुलीकडचे मुकाट्यानं दुसरं स्थळ बघायला लागतात. कुणाचा पाणउतारा होत नाही, कुणी वाईट ठरत नाही. इतका सभ्य शब्द दुसऱ्या भाषेत नेताना तो वाटेत बदलेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आमच्या समोर एक बाई राहतात. चारठाण्याच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त आहेत आणि शिकवायला कुणी नाही म्हणून हळहळत असतात. पहिल्या फजितीनंतर मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी वाक्य दुरुस्त करून दिलं, ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी.’ ते मी चार वेळा घोकलं आणि पुढच्या फोनवर जावयाला ऐकवलं. आता तो नमस्कार करेल आणि विषय संपेल, अशी माझी समजूत.

त्यानं विचारलं, काय डिफिकल्ट आहे?

या प्रश्नाची तयारीच नव्हती. गडबडीत तोंडातून निघालं, स्टेअर्स. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट सारखी बंद, हे मुलीकडून ऐकलेलं होतं. थोड्याच दिवसांत कळलं की त्यांनी घर बदललं, आता तळमजल्यावर राहायला गेले. पुढच्या वेळी मी म्हटलं, फूड. त्यानं ज्वारी दळून देणारी गिरणी शोधली आणि भाकरी करून देणारी एक सोलापूरची बाईही शोधली. मग मी लँग्वेज म्हटलं, तर शेजारच्या इमारतीतलं मराठी कुटुंब आणि त्यांचं भजनी मंडळ निघालं. बिचारा इतका प्रेमानं करत होता की मला रागही धड येईना. मी नाही म्हणत होते आणि तो कामाला लागत होता.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. मग चहा ठेवता ठेवता त्यांनी जे सांगितलं ते मला एकदम पटलं. “तुमी त्याला नाही म्हणालाच नाहीत. तुमी त्याला गणितं घालायलाव. तो हुशार आहे, सोडवायलाय.”

मग त्या दुपारी ओट्यावर आमचा वर्ग भरला. मी विचारलं, मला तिकडे यावंसं वाटत नाही हे कसं म्हणायचं? बाई म्हणाल्या, त्यात बरेच प्रकार आहेत. आय थिंक म्हटलं तर तो म्हणेल, पुन्हा विचार करा, कारण विचार बदलता येतो. आय फील म्हटलं तर तो समजूत घालेल. इन माय ओपिनियन म्हणाल तर सभेत उभं राहिल्यासारखं होईल, घरात कुणी तसं बोलत नाही. आय फाइंड इट डिफिकल्ट हे जरा बरं, त्यात गोष्ट अवघड नसते, ती आपल्याला अवघड जाते एवढंच असतं. पण तरी तो विचारणारच, कुठे जाते.

मी चिडून म्हटलं की आमच्याकडे या सगळ्याला मिळून एकच आहे, मला वाटतं. बाई म्हणाल्या, तेच तर. आणि मग दोघीही काही वेळ त्याच्यावरच बोलत बसलो. मला भूक लागते, मला थंडी वाजते, मला वाटतं. या सगळ्यात मी काहीच करत नाही, ते आपलं आपण येऊन मला चिकटतं. थंडी वाजली तर माझा काय दोष? तसंच वाटलं तरी माझा काय दोष? इंग्रजीत मात्र आधी आय येतो, मग पुढचं. मी असं म्हणते, मी असं ठरवते, मला नको आहे ते मी नाकारते. इतकं पुढे उभं राहायची मला सवय नव्हती. घरात, कचेरीत, नवऱ्यापुढे, साहेबांपुढे मी कायम ‘मला असं वाटतं’च्या आडोशाला राहिले आणि त्यात माझं काही बिघडलंही नाही.

शेवटी बाईंनी एक वाक्य निवडलं, ‘आय वुड लाइक टू स्टे इन सेलू.’ त्यात नकार नाही, नुसती आवड आहे, त्यामुळे कुणाचा अपमान होत नाही. मला ते फार आवडलं.

ते वापरायची वेळ लगेच आली. मुलीचा फोन आला की सेलूच्या घराला भाडेकरू मिळालाय, बँकेत नोकरीला आहे, सज्जन आहे, पुढच्या महिन्यात सामान आणतो म्हणतोय. माझ्या घरात, माझ्या ओट्यावर, एक सज्जन माणूस. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी ऑफिसात असताना मी जावयाला फोन लावला. तो घरून काम करत होता. घोकलेलं वाक्य ऐन वेळी कुठे पळालं कोण जाणे. मी म्हणाले, ‘आय डोन्ट वॉन्ट टू कम.’

म्हणून झाल्यावर मला वाटलं, आता संपलं, जावई दुखावला. तो दुखावला नाही. त्यानं चष्मा काढला, डोळे चोळले आणि ओके अम्मा म्हणाला. सरळ सांगितलं म्हणून वर आभार मानले. मग त्यानं विचारलं, हे तिला सांगितलंय का? मी म्हटलं, तिला माहीत आहे. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, तिला तुम्हीच सांगा.

फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं. गेले कितीतरी दिवस मी जावयासाठी इंग्रजी शब्द शोधत होते. मुलीशी तर मराठीत बोलत होते, मग तिला काय सांगितलं होतं? बघू. अवघड आहे गं. तुम्हाला कशाला त्रास. पण मुलगी सेलूत वाढलेली, कारकुनाच्या पोटची. अवघड आहे म्हणजे काय हे तिला कळत नसेल, हे शक्यच नव्हतं. मग ती भाडेकरू कसला शोधत होती? आता मात्र मला राग आला, आणि संध्याकाळी ती घरी आल्याबरोबर मी तिला फोन केला. इकडचं तिकडचं काही न बोलता सांगितलं, “मला यायचं नाही.”

ती म्हणाली, “माहीत होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला.”

मी विचारलं, मग हे सगळं कशासाठी चालवलंस? तिचा रडका आवाज आला.

“मला इथं करमंना झालंय, आई. तुझ्यासाठी ये म्हणत होते ते खोटं होतं. माझ्यासाठी म्हणत होते.”

नवऱ्याला सांगितलंस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, काय सांगू? करमत नाही याला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला सापडेना. लोनली म्हटलं तर त्याला वाटेल, तो तिच्याकडे बघत नाही. तसं तर नाही, तो किती करतो. सॅडही नाही, आणि होमसिक म्हणावं तर लग्नाला इतकी वर्षं झाली. एकदा ती बोअर म्हणाली, तर त्यानं तिला जिमला घातलं.

मी हसले, आणि मग हसू आवरलं. माझी एवढीशी पोर, दोन मिनिटांत समजेल असं एक दुःख घेऊन इतक्या दूर बसली होती, आणि ज्याला ते सांगायचं त्याच्यासाठी तिच्याकडे शब्द नव्हता. माझ्यासाठी होता, पण मी माझं घर वाचवण्यात गुंतले होते.

मी तिला सांगितलं की त्या भाडेकरूला तू आजच नाही म्हण, मी कायमची येणार नाही आणि घरही देणार नाही. ती बरं म्हणाली, अगदी बारीक आवाजात. मग मी विचारलं, परभणीहून तिकडची गाडी किती वाजता असते? ती सांगत होती, मधेच रडत होती, पुन्हा वेळ सांगत होती, आणि मला त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच जावंसं वाटत होतं.