वहिनीचं ‘गेट’ आणि कानबाईचे रोट

माझा भाऊ सरकारी शिष्यवृत्तीवर पोलंडला इंजिनियर व्हायला गेला आणि येताना बायको घेऊन आला. लग्नाची बातमी पत्राने आधीच पोचली होती, त्यामुळे रडारड उरकून झालेली होती. धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर आम्ही हार घेऊन उभे राहिलो तेव्हा आईचे डोळे कोरडे होते आणि तोंडावर पाहुण्यांसाठीचं ठेवणीतलं हसू होतं. वहिनी उंच, नाकावर ऊन लागून लाल झालेली, हातात भलंमोठं पुस्तक. मला वाटलं बायबल असेल. तो निघाला इंग्रजी-पोलिश शब्दकोश.

भावाला जळगावच्या एका पाइप कारखान्यात तात्पुरतं काम मिळालं. सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा, शनिवारी संध्याकाळी यायचा. मग धुळ्यात देवपूरच्या आमच्या घरात वहिनी उरली आणि तिच्यासोबत आम्ही तिघं. वडील, ज्यांना आम्हीसुद्धा नानाच म्हणायचो, ते तिच्याशी हसून मान हलवण्यापलीकडे काही बोलायचे नाहीत. आईला अहिराणी सोडून दुसरं बोलणं म्हणजे शिक्षा. वहिनीला येत होती पोलिश. दोघींच्या मधे इंग्रजी नावाचा एक डळमळीत पूल आणि त्या पुलावर मी उभी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, इंग्रजी घेतलं होतं, आणि ते मला उत्तम येतं असा माझा ठाम समज होता.

तो समज ‘गेट’ या एका क्रियापदावर उभा होता. मला फार लवकर कळलं होतं की हे एक क्रियापद हाताशी असलं की दिवसभर इंग्रजी बोलता येतं. उठायचं असो, बसमध्ये चढायचं असो, भिजायचं असो, पाणी आणायचं असो, रागवायचं असो नाहीतर लग्न करायचं असो, पुढे ‘गेट’ लावून द्यायचं. मी धडाधड बोलायची आणि वहिनी धडाधड पानं उलटायची. तिच्या शब्दकोशात ‘गेट’ने पानंच्या पानं अडवली होती. बोट वरून खाली सरकायचं, पान उलटायचं, पुन्हा वरून खाली. कारण तिच्या भाषेत उठायला वेगळं क्रियापद, भिजायला वेगळं, चढायला वेगळं, आणि चढायचं ते पायी की गाडीत यावरूनही काहीतरी बदलायचं. मिळण्याला ती ‘दोस्ताच’ म्हणायची. हा तेवढा एक शब्द मला पहिल्या दिवशी पाठ झाला.

“तुमची इंग्रजी आळशी आहे,” एक दिवस ती शब्दकोश मिटत म्हणाली.

मला असा राग आला, जणू इंग्रजी माझ्या आजोबांनी काढली होती. मी म्हटलं, आळशी नाही, काटकसरी आहे. काटकसरीला इंग्रजी शब्द आठवेना, मग तिथेही ‘गेट’ घालून कशीबशी वेळ मारून नेली. ती इतकी हसली की बाहेरच्या ओट्यावर डाळ निवडत बसलेल्या आईने मान वर केली.

“गेट गेट काय लायेल शे सकायपासून? फाटक तं बंद शे.”

हे भाषांतर करून सांगितल्यावर वहिनी पुन्हा हसली. पण ती काही कमी नव्हती. आठवडाभर आमचं बोलणं कान देऊन ऐकल्यावर तिने मलाच कोंडीत पकडलं. हे ‘लाग’ काय आहे, म्हणाली. भूक लागते, ऊन लागतं, ठेच लागते. भावाला नोकरी लागते, नानांचा डोळा लागतो, दुधाला वास लागतो आणि एस.टी. फलाटाला लागते. त्याच एस.टी.त शेजारच्या काकूंना एस.टी. लागते, मग पिशवी लागते. एवढी वर्षं हे क्रियापद मी पाण्यासारखं वापरत होते आणि त्याचा अर्थ मला सांगता येईना. तेव्हापासून दुपारच्या आमच्या बैठकीत ‘गेट’ आणि ‘लाग’ समोरासमोर बसायचे. मला ती बैठक फार आवडायची. घरात पाठीवर बहीण नव्हती, ती उणीव त्या महिन्यात भरून निघाली.

एका बाबतीत मात्र आमचा शब्दकोश कामाचा नव्हता. आमच्या घरी चहाचे दोन प्रकार होते. घरच्यांना स्टीलच्या पेल्यात, पाहुण्यांना फुलाफुलांच्या कपबशीत. वहिनीला रोज कपबशी. तीसुद्धा खुर्चीवर बसवून, सोबत बिस्किटं. ताट उचलायला वाकली की आई धावत येऊन ते हातातून घ्यायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली की आई हसून पाट सरकवायची आणि आतलं काम थांबवायची. आवाज कधी चढला नाही. माझ्यावर दिवसातून किती वेळा चढायचा त्याचा हिशोबच नव्हता. सुरुवातीला वहिनीला हा मान वाटला असेल. पण एका संध्याकाळी कपातली फुलं निरखत ती मला म्हणाली, “मला पेला कधी मिळणार?” वाक्यात ‘गेट’ होतं. पान उलटायची गरज तिलाही पडली नाही आणि मलाही.

मी आईशी भांडले. माझा स्वभावच तसा, आधी तोंड आणि मग डोकं. आई म्हणाली, “आवढी दूरथून येयेल पोर शे. तिले काम कसं सांगू?” तिच्या मनात काय होतं ते तिलाही कळत नसावं. पाहुण्याला जपायचं एवढं तिला येत होतं. या मुलीला घरची मानायचं तर परदेशातलं ते नोंदणी-लग्न, न पाहिलेले व्याही, सगळंच मानावं लागलं असतं.

त्यातच श्रावण आला आणि कानबाई आली. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ-दागिने घालून देवी मांडायची आणि रोट करायचे. रोट म्हणजे म्हटलं तर पुरणाच्या जाडजूड पोळ्या. पण त्यांचे गहू मोजून घेतात, आमच्याकडे घरच्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ. आणि ते रोट घरच्यांनी, फार तर एका कुळातल्या भाऊबंदांनीच खायचे. पाहुण्याला नाही, शेजाऱ्याला नाही. सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा आमच्याकडे चालत नाहीत, कारण ती आता दुसऱ्या घरची. कणभरही उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. उरले तर पौर्णिमेच्या आत घरातच संपवायचे.

हे सगळं मी दुपारच्या बैठकीत वहिनीला मोठ्या रंगात सांगितलं आणि सांगून झाल्यावर जीभ चावली. मग शब्दकोश न उघडता तिने विचारलं, “मला मिळेल?” आणि स्वतःशीच म्हणाली, “दोस्ताच.”

मी म्हटलं, आईला विचारते. विचारायला गेले तर गावाहून आमची अक्का येऊन टेकलेली. अक्का म्हणजे नानांची थोरली चुलतवहिनी. सणावाराच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. मी तिच्यादेखतच विचारलं, “आई, वहिनी इचारस, तिले रोट भेटी का?”

आईच्या आधी अक्काच बोलली. “ती परदेशनी शे. देवीले चाली का?”

“देवीने सांगितलं का तुमच्या कानात?” मी म्हणाले. नाना पेपराआडून खाकरले. अक्काने माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या लग्नाची काळजी तिला त्याच क्षणी लागली असावी. आईने सूप उचललं आणि ती गहू पाखडायला लागली. मी परत ओट्यावर आले. आई गप्प बसली, एवढंच वहिनीला सांगितलं. वहिनीने मान हलवली आणि केस विंचरायला घेतले.

शनिवारी आईने गहू मोजले. ओठांतल्या ओठांत कुणाकुणाची नावं घेत ती मुठी टाकत होती. मी जवळ घुटमळत राहिले, पण ऐकू काही आलं नाही.

रविवारी सगळे भाऊबंद जमले. भाऊ जळगावहून आला होता. पंगत बसली आणि आई रोट वाढत निघाली. वहिनी माझ्या शेजारी, पदर सांभाळत, मांडी घालून अवघडून बसलेली. आई तिच्यापुढे आली, थांबली, आणि ताटात रोट ठेवून त्यावर तूप सोडून पुढे गेली. अक्काने मान वर केली आणि परत खाली घातली. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

पण वहिनी माझ्या कानाशी लागून म्हणाली, “हे पेल्यातलं की कपातलं?”

माझ्या आईला मी ओळखत होते. पाहुणीचं मन दुखू नये म्हणून ती देवीशीही तडजोड करेल, ही शंका मलाही होतीच.

वहिनी मग मन लावून जेवली. अर्धा रोट तिने आधीच मोडून बाजूला ठेवला होता. कुंपणापलीकडे शेजारच्या म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, तरी रोज त्यांच्या तासतासभर गप्पा चालायच्या. आपल्याला काही चांगलं मिळालं की त्यातलं निम्मं शेजारी द्यायचं, हे वहिनीला तिच्या आईने शिकवलं असणार. मी पाणी पीत होते, तेवढ्यात ती अर्धा रोट हातात घेऊन उठली आणि हसत दाराकडे चालायला लागली. मी सगळे नियम समजावले होते, पण बहुतेक माझ्या त्या ‘गेट’च्या पसाऱ्यात हा निसटला होता. तिचं एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं.

“वं! कोठे चालनी?”

आईचा असा आवाज मी फक्त माझ्यासाठी ऐकला होता. पंगत जागच्या जागी थिजली. आई तुपाचं भांडं तसंच टाकून धावली. “रोट घरना बाहेर लई जातस का? अक्कल शे का तुले? कितला दिन व्हयनात या घरमा, काहीच शिकनी नही का?” वहिनीचा दंड धरून आईने तिला आत ओढलं. भाऊ पोलिशमध्ये काहीतरी सांगायला उठला, तर वहिनीने त्याच्याकडे न बघता हातानेच त्याला बसवलं. कुंपणापलीकडून आजींचा आवाज आला, “मना घर बी शेतस रोट, माय. तिले वरडू नको.”

तेव्हा कुठे आईला आपण काय केलं ते कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. मग वहिनीच्या हातातला रोट काढून परत ताटात ठेवला, तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि हळू आवाजात म्हणाली, “घरनं माणूस शे तू. घरमा बसीसन खाय.”

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. वहिनीने माझ्या मांडीवर थाप मारली. तिचे डोळे भरले होते आणि तोंड कानापर्यंत फाकलं होतं. “पाहिलंस?” ती इंग्रजीत म्हणाली. “ती माझ्यावर रागावली!” त्या वाक्यातही ‘गेट’ होतं, आणि इतक्या आनंदाने ते वाक्य कुणी म्हटल्याचं मी पुन्हा ऐकलं नाही. संध्याकाळी तिला चहा स्टीलच्या पेल्यात मिळाला, काठाला पोचा आलेल्या. त्यातला चहा संपल्यावरही ती पेला हातात घेऊन बसली होती.

भावाची नोकरी पक्की झाली, ते दोघं जळगावलाच राहायला गेले. अक्काने मनावर घेतल्यासारखं माझं लग्नही पुढच्या उन्हाळ्यात होऊन गेलं. मी रावेरला गेले, केळीच्या बागा असलेल्या घरी. श्रावणात सासरी कानबाई बसली. माझ्या नावाची सव्वा मूठ पडली, मी पंगतीत बसून रोट खाल्ले. सगळं रीतीने झालं. तरी आईच्या हातचा रोट डोळ्यांसमोरून हलेना. विसर्जन आटोपल्यावर मंगळवारी धुळ्याची गाडी धरली.

घरात शिरले ती सरळ स्वयंपाकघरात. वहिनी सणाला आलेलीच होती, पदर खोचून ओट्याशी उभी. फळीवर रोटांचा डबा होता. सवयीने मी झाकण काढलं आणि हात घातला.

“वं! काय करी ऱ्हायनी?” वहिनीने माझं मनगट धरलं. अहिराणी अस्सल होती, वरचा सूर तर थेट आईचा. “तुले चालत नही! अक्कल शे का?” तिने डबा काखेत मारला आणि मला बाहेर खुर्चीवर नेऊन बसवलं. मी हसत होते. आई दाराशी पदर तोंडाला लावून हसत होती. मग वहिनी चहा घेऊन आली. फुलाफुलांच्या कपबशीत, सोबत बिस्किटं.

मी कप हातात घेतला आणि मला एकदम रडू आलं. हसता हसताच आलं, ते थांबेना. आई खिडकीकडे बघायला लागली. वहिनी मात्र माझ्याकडे बघत राहिली. त्या घरात राहून रोज त्या कपातून चहा प्यायलेली ती एकटीच होती.

तिने माझ्या हातातला कप काढून घेतला. आत गेली, तो चहा पोचा आलेल्या तिच्या पेल्यात ओतला आणि आणून माझ्या हातात दिला.

“रोट चालत नही,” ती म्हणाली. “चहा चालस.”